बीज-क्षेत्राचा दाखला आणि अंडपेशीची बेगमी

सातारा जिल्ह्यातल्या कोरेगाव तालुक्यातला वाघ्या घेवडा त्याच्या अंगावरच्या पट्ट्यांमुळे ओळखला जातो. या कडधान्याला भौगोलिक मानांकन मिळाले आहे आणि त्याचे नावही त्या लालसर रेषांवरूनच पडले आहे. वनस्पतिशास्त्राच्या नजरेने या रेषांची एक वेगळी कथा आहे. दाण्याचे टरफल फुलातल्या बीजांडाच्या आवरणापासून तयार होते, म्हणजे ते संपूर्णपणे मातृरोपाचे अंग असते. घेवड्यात बहुधा स्वपरागण होते. पण समजा, परागकण दुसऱ्याच एखाद्या वाणाचा येऊन पडला, तरी त्या हंगामातल्या दाण्यावरचे पट्टे बदलत नाहीत. ते ठरतात आईच्या जनुकांवरून. बापाचा वाटा असतो तो आतल्या दलांत आणि अंकुरात.

हे इथे सांगण्याचे कारण असे, की आपल्या समाजाने स्त्री-पुरुषांच्या नात्याचा सगळा हिशेब एका शेतकी दाखल्यावर मांडला आहे. पुरुष बीज, स्त्री क्षेत्र. बीजात सगळे काही आधीच असते, शेताने फक्त ओल आणि खत पुरवायचे. या दाखल्याची खोट शोधायला प्रयोगशाळेत जाण्याची गरज नाही, ती बांधावरच सापडते. शेतकरी जे बी पेरतो ते नराचे नसतेच. ते नर-मादी दोघांचे अपत्य असते, आईच्या अंगावर वाढलेले आणि आईचेच टरफल पांघरलेले. पुरुषाच्या वाट्याची तुलना करायची तर ती परागकणाशी करावी लागेल, आणि परागकण कोणी शेतात पेरत नाही. याच कोरेगाव भागात आल्याचे पीक मोठे. तिथे तर बेणे म्हणून खोडाचाच तुकडा लावतात, त्यामुळे नर-मादीचा प्रश्नच उद्भवत नाही. ज्या मातीतून हा दाखला उचलला, त्या मातीतच तो रुजत नाही.

तरी तो हजारो वर्षे टिकला. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात स्त्रीला क्षेत्र आणि पुरुषाला बीज ठरवून बीजाला श्रेष्ठत्व दिले आहे. हा केवळ आपला दोष नव्हे. ग्रीसमध्ये ॲरिस्टॉटलने तोच विचार मांडला: पुरुष आकार देतो, स्त्री द्रव्य पुरवते. 1677 साली हॉलंडमध्ये लेवेनहुकने सूक्ष्मदर्शकातून शुक्रजंतू पाहिले आणि 1694 साली हार्टसुकरने शुक्रजंतूच्या डोक्यात गुडघे पोटाशी घेऊन बसलेल्या चिमुकल्या माणसाचे चित्र काढले. सस्तन प्राण्याचे अंडे कार्ल फॉन बेअरला दिसले ते 1827 साली, म्हणजे शुक्रजंतू दिसल्यावर दीडशे वर्षांनी. शुक्रजंतूहून कितीतरी पटींनी मोठी असलेली पेशी इतक्या उशिरा सापडावी याला ती अंडाशयात खोल दडलेली असते हे एक कारण आहेच. पण जे महत्त्वाचे वाटत नाही ते शोधायची घाई कोणाला नसते, हेही खरे आहे.

दाखला तो दाखला, त्याचे एवढे काय मनावर घ्यायचे, असे कोणी म्हणेल. मराठी घरात जन्मलेल्या मानववंशशास्त्रज्ञ लीला दुबे यांनी 1986 साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात याचे उत्तर दिले आहे. मूल कोणाचे, जमीन कोणाची, वारस कोण, या प्रश्नांचा निकाल पुरुषाच्या बाजूने लावायला बीज आणि जमीन यांचे हे रूपक कसे राबवले जाते, ते त्यांनी उलगडून दाखवले. शेताचा मालक असतो आणि पिकाचाही असतो, शेताला मात्र स्वतःचे पीक नसते. आपल्या बोलण्यातले ‘वंशाचा दिवा’ आणि ‘खाण तशी माती’ हे त्याच हिशेबातले उतारे आहेत. पीक चांगले आले तर बियाण्याचे कौतुक, आले नाही तर जमीन नापीक. पुरुषाच्या दोषाला बोलीभाषेत धड नाव नाही आणि बाईसाठी ‘वांझ’ हा शब्द तयारच आहे. याच सातारा जिल्ह्यात 2011 सालच्या ऑक्टोबरात अडीचशेहून अधिक मुलींची ‘नकुशी’, ‘नकुसा’ ही नावे समारंभाने बदलावी लागली. मुलगा की मुलगी हे ठरते बापाच्या शुक्रजंतूतून एक्स आला की वाय आला यावर. म्हणजे जी एक गोष्ट आईच्या हातात अजिबात नाही, नेमका तिचा ठपका आईवर. आणि जी गोष्ट जवळजवळ सर्वस्वी आईच्या अंडपेशीवर अवलंबून असते, तिचा उल्लेखही कुठे नाही. ती गोष्ट कोणती, हे या लेखात मांडायचे आहे.

मुलगी आईच्या पोटात पाच महिन्यांची असते तेव्हा तिच्या अंडाशयांत साठ-सत्तर लाख अंडपेशी तयार झालेल्या असतात. जन्माच्या वेळी त्यांतल्या दहा ते वीस लाख उरतात आणि सगळ्या आयुष्यात पक्व होऊन बाहेर पडतात त्या जेमतेम चारशे. बाकीच्या वाटेतच विरतात. प्रत्येक अंडपेशी विभाजनाच्या पहिल्याच टप्प्यावर थांबून राहते, कधी बारा वर्षे तर कधी चाळीसहून अधिक. आपण ज्या अंडपेशीतून आलो ती आपल्या आजीच्या पोटात तयार झाली होती.

जिची वेळ आली ती अंडपेशी वाढू लागली की तिच्या केंद्रकातल्या जनुकांच्या आरएनए-प्रती भराभर निघू लागतात. हे संदेशवाहक आरएनए म्हणजे अमुक प्रथिन बनवा असा निरोप. साध्या पेशीत निरोप निघाला की थोड्याच वेळात त्याचे प्रथिन होते आणि निरोप मोडीत निघतो. अंडपेशीत तसे होत नाही. पावसाळा तोंडावर आला की घरात जशी चार महिन्यांची बेगमी करून ठेवतात, तसे अंडपेशी हजारो प्रकारचे निरोप तयार करून बांधून ठेवते. वाढ पुरी झाली की तिचे केंद्रक गप्प होते. नवी प्रत निघणे बंद. इथून पुढे अंडे पक्व होणे, शुक्रजंतूशी मीलन होणे, पहिले विभाजन, दुसरे विभाजन, हे सगळे त्या साठ्यावर चालते. माणसाच्या गर्भाची स्वतःची जनुके पुरती कामाला लागतात ती चार ते आठ पेशींच्या टप्प्यावर, साधारण तिसऱ्या दिवशी. मेंढीत आणि गाईत हा टप्पा आठ ते सोळा पेशींचा आहे, बेडकात डझनभर विभाजने आईच्याच भरवशावर पार पडतात. तोवर बापाकडून आलेली जनुके जागेवर असतात, पण त्यांचा आवाज जवळजवळ नसतो.

याचा पहिला झणझणीत पुरावा 1936 साली मिळाला. एथेल ब्राउन हार्वी या अमेरिकी संशोधिकेने समुद्री साळिंद्राची अंडी वेगाने गरगर फिरवून त्यांचे दोन तुकडे केले. एकात केंद्रक होते, दुसऱ्यात नव्हते. केंद्रक नसलेल्या, शुक्रजंतूही न मिळालेल्या तुकड्याला तिने खारटपणा वाढवलेल्या समुद्राच्या पाण्याने चेतवले, तेव्हा तो विभागू लागला आणि शेकडो पेशींचा गोळा झाला. ना आईची जनुके हाताशी, ना बापाची, तरी काम सुरू. पुढे त्याचे पूर्ण जनावर झाले नाही हे खरे. पण सुरुवातीची वाटचाल केंद्रकातून येणाऱ्या ताज्या हुकमांवर चालत नाही, हे स्पष्ट झाले. 1960च्या दशकात आरएनएची नवी प्रत निघू न देणारे औषध घालूनही साळिंद्राच्या अंड्यांचे विभाजन थांबले नाही, तेव्हा कोडे सुटले: निरोप अंड्यात आधीच झाकून ठेवलेले होते. 1965 साली सरकीवर झालेल्या प्रयोगांतही कोरड्या बियाण्यात असे टिकाऊ निरोप असल्याचे दिसले. 

आता खरा प्रश्न. हजारो निरोप एकाच पेशीत एकत्र पडलेले असताना कोणता आत्ता वाचायचा, कोणता तासाभराने, कोणता फाडून टाकायचा, हे कोण ठरवते? केंद्रक तर गप्प आहे. ठरवतात ती प्रथिने, जी आरएनएवरची अक्षरे ओळखून त्याला पकडतात.

आरएनएची अक्षरे चार: ए, यू, जी, सी. निरोपाच्या मधल्या भागात प्रथिनाची कृती असते आणि तिच्यानंतर शेपटाकडे एक लांब पट्टा असतो, ज्यातून कोणतेही प्रथिन बनत नाही. पूर्वी त्याला भाकड समजत. अंडपेशीतले बहुतेक राजकारण याच पट्ट्यावर चालते. त्यात यूयूयूयूयूएयू अशी एक खूण अनेक निरोपांवर असते. ती ओळखणाऱ्या सीपीईबी या प्रथिनाचा शोध जोएल रिश्टर यांच्या प्रयोगशाळेने बेडकाच्या अंड्यांत लावला, 1994 साली. निरोपाच्या अगदी टोकाला ए या अक्षराचे शेपूट असते. सीपीईबी आपल्या साथीदारांसह ते शेपूट आखूड करून ठेवते आणि आखूड शेपटाचा निरोप प्रथिन बनवणाऱ्या यंत्रणेला दिसत नाही. मग प्रोजेस्टेरॉनचा इशारा येतो. सीपीईबीवर फॉस्फेटचा एक गट चिकटतो, त्याची संगत बदलते आणि तेच प्रथिन आता शेपूट लांबवू लागते. लांब शेपटाला दुसरी प्रथिने येऊन मिळतात आणि निरोप वाचला जातो. एकाच निरोपावर ही खूण किती वेळा आणि शेवटापासून किती अंतरावर आहे, यावर तो पहिल्या लाटेत उठणार की दुसऱ्या, हे ठरते. म्हणजे निरोपात काय करायचे हे जसे लिहिलेले असते, तसे केव्हा करायचे हेही लिहिलेले असते, मात्र ते वाचणारा वेगळा असतो.

प्रथिन अक्षर ओळखते म्हणजे नेमके काय करते? त्याला डोळे नाहीत. ओळख होते ती आकाराने आणि स्पर्शाने. प्यूमिलिओ या प्रथिनात हे सगळ्यात स्वच्छ दिसते. हे प्रथिन चंद्रकोरीसारखे वाकलेले असते आणि त्यात एकसारखी आठ आवर्तने एकापुढे एक रचलेली असतात. कोरीच्या आतल्या बाजूला आरएनएचा धागा बसतो आणि एकेक आवर्तन एकेका अक्षराला भिडते. प्रत्येक आवर्तनात तीन अमिनो आम्ले कामाची: दोन अक्षराच्या कडेशी हायड्रोजन बंध जुळवतात आणि तिसरे त्याच्या सपाट अंगाला लागून थप्पी लावते. कडेला ग्लुटामीन आणि ॲस्परॅजीन असेल तर यू बसतो, ग्लुटामेट आणि सेरीन असेल तर जी. माणसातल्या या प्रथिनाची आरएनए धरलेली रचना 2002 साली प्रसिद्ध झाली आणि त्यानंतर संशोधकांनी ही अमिनो आम्ले बदलून प्रथिनाला दुसरी अक्षरे ओळखायला लावली. जीवशास्त्रात इतका सरळ हिशेब क्वचित मिळतो. बहुतेक आरएनए-ओळख्या प्रथिनांत एकेका घटकाची पकड दोन-चार अक्षरांपुरती आणि सैल असते, असे दोन-तीन घटक जोडीने लागले की मगच ती घट्ट होते.

आणि ओळख पटली म्हणून काम झाले असेही नाही. फळमाशीच्या अंड्यात प्यूमिलिओ सगळीकडे पसरलेले असते. हंचबॅक नावाच्या जनुकाचा आईने ठेवलेला निरोपही सगळीकडे असतो आणि प्यूमिलिओला तो ओळखता येतो. तरी तो दाबला जातो फक्त मागच्या टोकाला, कारण नानोस हे जोडीदार प्रथिन तिथेच असते. दोघे मिळून निरोपाला धरतात तेव्हाच तो गप्प होतो आणि तिथे माशीचे पोट घडते. पुढच्या टोकाला आईने बायकॉइड जनुकाचा निरोप बांधून ठेवलेला असतो, त्याच्यापासून डोके घडते. आईकडे बायकॉइडच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या असतील, तर बापाकडून चांगली प्रत येऊनही तिच्या पिलांना डोके येत नाही. उलट, पिलाच्या स्वतःच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या पण आईकडे एक चांगली, तर डोके व्यवस्थित. ज्या कामातून हे उमगले त्यासाठी क्रिस्टियाने न्यूसलाइन-फोलहार्ड यांना 1995 साली दोन सहकाऱ्यांसह नोबेल मिळाले. डोके कुठे आणि पोट कुठे, हा शरीराचा पहिला नकाशा. त्या माशीत तो काढते आई, बापाच्या बीजाचा त्यावर काही अधिकार चालत नाही.

साठा उपयोगी असतो तसा तो वेळेवर संपावाही लागतो. गर्भाची जनुके बोलू लागली की आईचे निरोप मोडीत काढले जातात. माशीत हे काम स्मॉग हे प्रथिन करते, तेही आरएनएच्या एका विशिष्ट वळणाला ओळखून. सस्तन प्राण्यांत बीटीजी4 सारखी प्रथिने त्याला हातभार लावतात. जुने निरोप साफ झाले नाहीत तर गर्भ पुढे सरकत नाही. आईचे कर्तृत्व इथे दोन बाजूंनी दिसते: पुरवण्यात आणि वेळेवर बाजूला होण्यात.

आता सातारा जिल्ह्यातलेच एक उदाहरण. ते आरएनएच्या ओळखीचे नाही, पण आपल्या वादाच्या अगदी मुळाशी जाते. फलटणला बनबिहारी निंबकरांनी 1968 साली निंबकर कृषी संशोधन संस्था स्थापन केली. तिथे चंदा निंबकर आणि सहकाऱ्यांनी सुंदरबनातल्या छोट्या गरोळ मेंढीतला फेकबी नावाचा जनुकभेद दख्खनी मेंढीत आणला आणि ‘नारी सुवर्णा’ हा वाण तयार केला. दख्खनी मेंढी बहुधा एकच कोकरू देते. या जनुकभेदाची एक प्रत असली तरी जुळ्यांचे प्रमाण बरेच वाढते. 2001 साली कळले की हा बदल एका ग्राही प्रथिनातल्या एकाच अमिनो आम्लाचा आहे. अंडाशयातल्या, अंडपेशीभोवतीच्या पेशींना मिळणारा इशारा त्याने बदलतो आणि एकाऐवजी दोन-तीन अंडी पक्व होतात. आता गंमत पाहा. फेकबी असलेला मेंढा साध्या मेंढीला लावला तर कोकरू एकच होणार, कारण अंडी किती सुटायची ते मेंढीचे अंडाशय ठरवते. त्या मेंढ्याचा गुण दिसतो त्याच्या लेकींत, त्या व्यायला लागल्यावर. बीज त्याच्याकडे आहे, पण ते बोलते मादीच्या देहात. म्हणून असा मेंढा निवडायचा तर त्याचा देखणेपणा पाहून भागत नाही. त्याच्या मुली कशा व्यायल्या ते पाहावे लागते, नाहीतर त्याच्या रक्ताची जनुकचाचणी करावी लागते.

यावर तीन आक्षेप येऊ शकतात आणि तिन्हींना नीट उत्तर द्यायला हवे.

पहिला: म्हणजे पुरुषाचे काहीच नाही का? आहे. माणसात शुक्रजंतू अर्धी जनुके आणतो, विभाजनासाठी लागणारा तारककण आणतो आणि अंड्याला जागे करणारी कॅल्शियमची लाट उठवणारे प्रथिनही आणतो. त्याच्याशिवाय अंडे पुढे जात नाही. तिसऱ्या दिवसानंतर दोघांचीही जनुके बोलू लागतात. तेव्हा मुद्दा बापाला खोडून टाकण्याचा नाही. बीजात सगळे काही असते आणि आई जागा पुरवते, एवढेच इथे खोडायचे आहे. आई अर्धी जनुके देते आणि त्याशिवाय पहिल्या दिवसांचा जवळजवळ सगळा कारभार देते.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे. अंडपेशीचे काम एवढे मोठे, तर मूल न होण्याचा दोषही तिच्याच पदरात पडणार नाही का? हा धोका खरा आहे. गेल्या दशकात काही स्त्रियांमध्ये पीएटीएल2 या आरएनएशी निगडित प्रथिनाच्या जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या आढळल्या. त्यांची अंडी पक्वच होत नाहीत. बीटीजी4 बिघडलेल्या काही स्त्रियांत अंड्याचे फलन होते, पण पहिले विभाजन होत नाही. असा अहवाल सासरी गेला तर ‘बघा, दोष हिच्यातच होता’ असे म्हणणारे कमी नसतील. पण हाच अहवाल पुरता वाचला तर काय दिसते? दोन बिघडलेल्या प्रतींपैकी एक तिला आईकडून आलेली असते आणि दुसरी बापाकडून. बाप स्वतः निरोगी, मुलेबाळे झालेला. त्याच्या बीजातली खोट दिसायला एक पिढी आणि एक मुलगी लागली. नात्यातल्या लग्नांत दोघांकडे तीच बिघडलेली प्रत असण्याची शक्यता वाढते, आणि आते-मामे भावंडांच्या लग्नांची चाल आपल्याकडे जुनी आहे. इरावती कर्वे यांनी भारतातल्या नातेसंबंधांवरच्या 1953 सालच्या ग्रंथात तिची सविस्तर नोंद केली आहे. म्हणजे जो दोष सुनेचा म्हणून सांगितला जातो, त्याची मुळे कदाचित दोन्ही घरांनी मिळून केलेल्या सोयरिकीत असतात. रोग शोधणे वेगळे आणि गुन्हेगार शोधणे वेगळे. शिवाय असे जनुकदोष विरळ आहेत. मूल होत नसलेल्या जोडप्यांत पुरुषाच्या बाजूचे कारण वारंवार सापडते, आणि शुक्रजंतूंची तपासणी ही सगळ्या तपासण्यांत सोपी आणि स्वस्त असते. तरीही बाईच्या चार तपासण्या उरकल्यावर पुरुषाला बोलावणे हा क्रम अनेक घरांत अजून चालतो, तो बीज निर्दोष धरण्याच्या सवयीमुळे.

या सवयीशी झगडायचे उदाहरण कोरेगावच्या शेजारच्या तालुक्यात आहे. खटाव तालुक्यातले कटगुण हे जोतीराव फुले यांचे मूळ गाव आणि सावित्रीबाई याच जिल्ह्यातल्या नायगावच्या. त्यांना मूल झाले नाही. दुसरे लग्न करण्याचा नातलगांचा आग्रह जोतीरावांनी मानला नाही, असे त्यांची चरित्रे सांगतात. दोघांनी काशीबाई या ब्राह्मण विधवेचा मुलगा यशवंत याला दत्तक घेतले आणि त्याला डॉक्टर केले. त्या काळी अंडपेशीतल्या आरएनएची कोणालाच कल्पना नव्हती. माणुसकीने वागायला त्याची गरजही पडली नाही.

हाच तिसऱ्या आक्षेपाचा गाभा: मग या विज्ञानाची कास कशाला धरायची? स्त्रीचा मान तिच्या अंडपेशीत किती निरोप आहेत यावर ठरणार आहे का? नाही, आणि ठरूही नये. ज्या बाईने मूल होऊ दिले नाही, जिला झाले नाही, जिने दत्तक घेतले, तिचा हक्क कणभरही कमी होत नाही. 2021च्या सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान नियमन कायद्याने स्त्रीबीज देणाऱ्या बाईला आयुष्यात एकदाच दान करता येते आणि तिची सातपेक्षा जास्त बीजे काढता येत नाहीत. तिच्या अंडपेशीतल्या निरोपांवर दुसऱ्या घरातल्या मुलाचे पहिले दिवस चालतात. म्हणून ती त्या मुलाची कायदेशीर आई ठरत नाही, आणि ते योग्यच आहे. पालकत्व जबाबदारीतून येते. पण निसर्गातून हक्क काढता येत नाहीत, हे दोन्हीकडून खरे असले पाहिजे. बीज-क्षेत्राच्या पक्षाने शेकडो वर्षे निसर्गाच्याच नावाने हक्क काढले आहेत. स्त्रीची जागा दुय्यम, कारण प्रजननात तिचा वाटा दुय्यम, असे ते सांगत आले. या युक्तिवादाचे पहिले पाऊलच खोटे आहे हे दाखवणे विज्ञानाचे काम. दुसरे पाऊल अन्यायाचे आहे, ते दाखवणे आपले.

आणि हा प्रश्न स्त्रीपाशी संपत नाही. बीजात सगळे ठरलेले असते, या समजुतीवरच जातीचा इमला उभा आहे. बाबासाहेब आंबेडकर 7 नोव्हेंबर 1900 रोजी साताऱ्यातल्या ज्या शाळेत दाखल झाले, तिथे मुलाची बुद्धी पाहण्याआधी जन्म पाहिला जात होता. पुढे 1916 साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या जातीवरच्या निबंधात त्यांनी दाखवले, की जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्नाच्या सक्तीने, आणि त्या सक्तीची किंमत सती, सक्तीचे वैधव्य, बालविवाह या रूपांत बाईकडून वसूल होते. बीज शुद्ध राखायचे तर क्षेत्राला कुंपण हवेच. आजही ‘रक्तातच आहे’, ‘घराण्याचा गुण’ असे म्हणून आपण माणसाचा निकाल लावतो. अंडपेशी याच्या नेमके उलट सांगते. एकच निरोप एका टोकाला वाचला जातो, दुसऱ्या टोकाला दाबला जातो, कारण जोडीदार वेगळा. एकच प्रथिन आधी निरोप गप्प करते आणि इशारा आल्यावर त्यालाच बोलते करते. जनुक असणे आणि जनुकाने बोलणे यांत वेळ, जागा आणि संगत यांचे अंतर असते. आयुष्याच्या अगदी पहिल्या तासापासून हे असे आहे. रक्ताच्या नावाने माणसांची वर्गवारी करणाऱ्याला जीवशास्त्राचा आधार मिळत नाही.

तेव्हा करायचे काय? शाळेत प्रजननाचा धडा शुक्रजंतूंच्या शर्यतीवर थांबू नये. अंडपेशी काय साठवते आणि गर्भाचे पहिले दिवस कशावर चालतात, हे सातवी-आठवीच्या मुलामुलींना साध्या मराठीत सांगता येण्यासारखे आहे. कोरेगाव, सातारा, सांगलीच्या दवाखान्यांत मूल होत नाही म्हणून जोडपे आले तर पहिल्याच दिवशी दोघांची तपासणी व्हावी, आणि जनुकचाचणीचा अहवाल दोघांना समोर बसवून समजावून सांगितला जावा. आशाताई, अंगणवाडीताई यांच्या प्रशिक्षणात या माहितीला तासभर मिळावा. कीर्तनकार, शिक्षक, लग्न जमवणारी वडीलधारी मंडळी यांनी बीज-क्षेत्राचा दाखला देणे बंद करावे. तो धर्माने दिला म्हणून देतो असे कोणी म्हणेल, तर त्याला एवढेच सांगावे, की शेतीतही तो खोटा आहे आणि अंडपेशीतही. खोट्या दाखल्यावर कोणाच्या लेकीचा न्याय करू नये.